प्रेरणेचे मापन आणि मावळखोऱ्यातील माणूस

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या दोन तालुक्यांच्या वतीने, प्रेरणेच्या मापनावरील परिषदेसाठी येथे आलेल्या मानसशास्त्रज्ञांचे, शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. ही परिषद येथे भरण्यास औचित्य आहे. कारण मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने एकीकडे बुद्धीच्या विविध क्षमता मोजणाऱ्या चाचण्या तयार केल्या आणि दुसरीकडे याच डोंगरदऱ्यांत शिक्षणाचे व स्त्रियांच्या बचत गटांचे काम उभे केले. परंतु क्षमता मोजता आली, म्हणून ती वापरण्याची ओढही मोजता आली असे होत नाही, आणि परिषदेचा विषय नेमका येथे सुरू होतो.

ही ओढ म्हणजेच प्रेरणा: वर्तनाला ध्येयाकडे वळवणारी आणि अडथळे आले तरी ते टिकवून धरणारी आंतरिक प्रक्रिया. ती प्रत्यक्ष दिसत नसल्याने तिचे अनुमानच करावे लागते. मॉर्गन आणि मरे यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या, संदिग्ध चित्रावरून गोष्ट रचायला सांगणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन डेव्हिड मॅक्लेलंड यांनी संपादन प्रेरणेचे, म्हणजे काम उत्कृष्ट व्हावे या ओढीचे, गुणांकन केले. पुढे १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे मांडले की, गोष्टींतून प्रकटणारी प्रेरणा आणि प्रश्नावलीत व्यक्ती स्वतःविषयी सांगते ती प्रेरणा यांचा परस्परसंबंध फारच क्षीण असतो. पहिली दीर्घकालीन, सहज वर्तनाचा अंदाज देते, दुसरी जाणीवपूर्वक केलेल्या निवडीचा.

हा भेद या खोऱ्यांत अधिकच महत्त्वाचा ठरतो. सावडीने, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबून, भातलावणी करणारी आणि बचत गटाचे कर्ज मुलीच्या शिक्षणासाठी घेणारी स्त्री ‘इतरांच्या पुढे जाणे मला आवडते’ या विधानाशी कदाचित असहमती नोंदवील, आणि मग तिची जिद्द कमी गुणांखाली झाकली जाईल. तिचे ध्येय एकटीचे नसते, एवढेच त्या उत्तरातून खरे तर समजते. शिवाय संधीच नसेल, तर प्रयत्नांच्या अभावाला प्रेरणेचा अभाव मानणे अन्यायाचे आहे.

म्हणून चाचणीतील विधाने येथील बोलीत येथील माणसांकडून तपासून घ्यावीत, गुणांची तुलना शहरी प्रमाणकांशी, म्हणजे शहरातील गटावरून ठरवलेल्या सरासरीशी, करू नये, आणि केवळ एका चाचणीच्या गुणांवरून कोणत्याही मुलाची वाट ठरवली जाऊ नये, अशी स्वागत समितीची या सभागृहाला आग्रहाची विनंती आहे.