चहा चाखून घ्यावा
(महोत्सवी संमेलनातील भाषण)



खरेदी समितीच्या वतीने आम्ही दोन शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली. आमच्यापाशी सांगण्याजोगा विषय एकच, आणि तो म्हणजे चहा. संमेलन असो वा दुखवट्याची बैठक, ट्रस्टच्या चुलीवरचे चहाचे आधण काही उतरत नाही. तेव्हा हा विषय कोणी क्षुल्लक मानू नये.

प्रथम आमची चूक कबूल करतो. एका वर्षी संमेलनासाठी आम्ही सुटी चहापत्ती घेतली. रंग काळाभोर आणि भाव कमी, एवढ्यावरच भुलून पाच किलो तोलून घेतली. वास घेतला नाही, चव पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी चहा लालभडक उतरला खरा, पण त्याला ना गंध, ना कडकपणा. पाहुण्यांनी अर्धे कप तसेच ठेवले. स्वयंपाकघरातील काकूंनी चिमूटभर पत्ती ओल्या टिपकागदावर टाकली, तो कागदभर तांबूस डाग पसरले. पत्तीला रंग चढवलेला होता! देणगीदारांचा पैसा आम्ही पाण्यात घातला, आणि तोही रंगीत पाण्यात.

लाज वाटली ती याची, की आम्ही पांढुर्णा-सौंसरची माणसे! संत्र्याच्या बाजारात आपल्याला कोण फसवील? आंबिया बहार असो की मृग, आपण फळ तळहातावर तोलतो, साल दाबून पाहतो, एखादी फोड तोंडात टाकतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. तेच आपण चहापुढे मात्र मुके होतो.

मग ज्या देशाने जगाला चहा दिला, तेथील लोक तो कसा विकत घेतात याची आम्ही माहिती काढली. आपण घरी ‘चहा’ म्हणतो आणि बाजारात ‘चाय’. दोन्ही नावांचे मूळ चिनी भाषेतच आहे. चीनमध्ये ग्वांगचौ शहरी फांगत्सुन नावाचा चहाचा प्रचंड घाऊक बाजार आहे, तर बीजिंगमध्ये मालिआनदाओ हा रस्ताच चहाच्या दुकानांचा आहे. गिऱ्हाईक आले की दुकानदार त्यास बसवतो, झाकणाच्या पेल्यात पत्ती भिजवून चव देतो. दोन-चार प्रकार चाखून झाले की मग व्यवहार. वजन मोजतात ते ५०० ग्रॅमच्या ‘जिन’ या मापाने. पुएर नावाचा चहा तर भाकरीसारखा गोल आणि गुळासारखा दाबलेला असतो. बहुधा एक चकती ३५७ ग्रॅमची, आणि अशा सात चकत्यांचे एक पुडके.

तथापि तेथेही सारेच शहाणे नाहीत. पुएर जितका जुना तितका महाग, म्हणून कित्येकांनी तो प्यायला नव्हे, साठवायला घेतला. २००७ साली भाव कोसळले आणि साठा करणारे बुडाले.

आपल्या देशात कलकत्त्याला चहाचे लिलाव १८६१ साली सुरू झाले. तेथेही बोलीपूर्वी पारखी लोक मालाचे नमुने चाखून पाहतात. म्हणजे पहा, मळेवाला चाखतो, दलाल चाखतो, घाऊक व्यापारी चाखतो. न चाखता पैसे मोजणारे शेवटी आपणच!

त्या फजितीनंतर समितीने रीत बदलली. आता तीन दुकानांतून थोडी थोडी पत्ती आणतो. आधी ओल्या कागदावर परीक्षा. मग तिन्ही भांड्यांत सारखे पाणी, सारखी पत्ती, पाच मिनिटे झाकण. पहिला घोट दूधसाखरेविना. पसंती काकूंची, हिशोब आमचा.

हिशोबही ऐका. कपाला अडीच ग्रॅम पत्ती लागली तर एका किलोत ४०० कप होतात. हलकी पत्ती दुप्पट टाकावी लागली तर २००च. मग स्वस्त कोणती? भाव किलोचा नव्हे, कपाचा पाहावा.

बंधुभगिनींनो, स्वतःच्या घरी फसलो तर नुकसान आपले. ट्रस्टच्या पैशाने फसलो तर ज्याने कष्टाचे दहा रुपये पेटीत टाकले, त्याचे. म्हणून पुढील समितीस आमची एवढीच विनंती आहे, की संत्र्यापाशी जेवढे सावध असता, तेवढेच चहापाशीही असा.

आजचा चहा काकूंनी पसंत केलेला आहे. तो निवण्याआधी आम्ही आपली रजा घेतो.