जुन्या ट्रॅक्टरला ऑल्टरनेटर



झाशी परिसरातल्या काळ्या जमिनीत रात्री दिवे लावून काम करताना
जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो कमी पडतो,
कारण इंजिन मंद फिरत असताना तो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही.

ऑल्टरनेटर मंद गतीतही वीज देतो,
आणि त्यातले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग,
ती बॅटरीजोगी करतात.

मात्र खरेदीपूर्वी बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे, ते पाहावे.
अनेक जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत ते धन असते,
तर आजचे बहुतेक ऑल्टरनेटर ऋण टोकासाठी बनलेले असतात.
जोडणी उलटी राहिली, तर डायोड क्षणात जळतात.
म्हणून पुन्हा एकदा: आधी टोक, मग खरेदी.

बॅटरी 12 व्होल्टची असेल, तर ऑल्टरनेटरही 12 व्होल्टचाच हवा.
व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच्या आतच असल्यास
जुनी रेग्युलेटर पेटी वायरिंगमधून काढावी लागते.
दोन-चार दिव्यांसाठी फार मोठ्या क्षमतेचा घेणे म्हणजे उगाच खर्च;
शिवाय जुन्या ताराही तापतात.

पुली इंजिनच्या पुलीशी सरळ रेषेत बसावी,
नाहीतर पट्टा कडेने झिजतो.

बॅटरीची टोके बदलल्यास अँपिअरमीटरच्या ताराही अदलाबदल कराव्यात,
अन्यथा चार्जिंग चालू असतानाही काटा उलटाच झुकेल.