फुलराणी, ऑड्री आणि आमचं 'पानी'

(मंडळाच्या कार्यक्रमात 'माय फेअर लेडी' दाखवण्याआधी केलेलं छोटं भाषण)



मी पेशाने कॉम्प्युटर इंजिनियर. सिनेमावर बोलायचा मला काडीचाही अधिकार नाही, पण समोसे गरम होईपर्यंत कुणीतरी बोलायला हवं, असं कमिटीचं म्हणणं पडलं.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्यावर फुलं विकणारी अडाणी मुलगी, तिची भाषा 'सुधारून' तिला उच्चभ्रू बाई करून दाखवण्याची पैज लावणारा प्रोफेसर. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१३ सालचा. आपल्याकडे १९७५ मध्ये पु. लं.नी त्याची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वेंची मंजुळा घराघरांत पोचली.

पण या फुलवालीचं हॉलंडशीही जुनं नातं आहे बरं का! १९३७ साली इथे डच भाषेत 'पिग्मॅलियन' सिनेमा निघाला. दिग्दर्शक लुडविग बर्गर, फुलवाली लिली बाउवमेस्टर. इंग्लंडचा इंग्रजी सिनेमा आला तो त्यानंतर, १९३८ मध्ये. आणि आज आपण पाहणार आहोत ती १९६४ ची ऑड्री हेपबर्न. तिची आई डच बॅरोनेस. युद्धाची वर्षं ऑड्रीने इथेच, आर्न्हेम आणि वेल्पमध्ये काढली. १९४४-४५ च्या हिवाळ्यातली उपासमार तिने स्वतः सोसली होती.

आता गंमत पाहा. ऑड्रीने गाण्यांची तयारी केली, रेकॉर्डिंगही केलं. पण पडद्यावर तिची बहुतेक गाणी ऐकू येतात ती मार्नी निक्सनच्या आवाजात. सिनेमाला ८ ऑस्कर मिळाले, ऑड्रीला साधं नामांकनही नाही. बोलणं सुधारण्याच्या गोष्टीत नायिकेचा आवाजच बदलून टाकला!

मला या सिनेमात पूर्वीसारखं मोकळं हसू येत नाही, कारण तो प्रोफेसर मीही होऊन बसलोय. मी संगमनेर तालुक्यातल्या खेड्यातला. पुण्यात इंजिनियरिंगला गेल्यावर सहा महिन्यांत 'न' आणि 'ण' घासूनपुसून लख्ख केले. एकदा दादा, म्हणजे माझे वडील, होस्टेलवर लाडवांचा डबा घेऊन आले. एस.टी.तून उतरून थेट आलेले. म्हणाले, "जरा पानी दे रे." रूममध्ये चार मित्र बसलेले. मी म्हटलं, "दादा, पानी नाही, पाणी." मित्र हसले. दादाही हसले, पण त्यानंतर माझ्या मित्रांसमोर ते फारसं बोलले नाहीत.

याची वसुली माझी लेक करते. "बाबा, शिफोल काय म्हणता? स्खिपोल!" घशातून असा 'ख' काढते की बस! क्लायंटकडेही माझा डच उच्चार ऐकून समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. हिंदी सिनेमातला रामू काका झाल्यासारखं वाटतं.

गेल्या मे महिन्यात दादा इथे आले होते. जेवताना त्यांनी नातीला सांगितलं, "बाळा, पाणी आण." 'ण' अगदी जपून, जीभ टाळूला लावून. वीस वर्षं होत आली, पण तो 'ण' माझ्यासाठीच होता. लेक इथेच जन्मलेली, तिला 'ण' येतच नाही. ती ग्लास घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे घ्या पानी."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे पाहत राहिलो. मग दादा तिला म्हणाले, "आन, लई तहान लागली व्हती."

समोसे झालेत वाटतं. मागचे दिवे बंद करता का कुणी?