सकस आहार कोणाला शिकवायचा?



‘गरीब कुटुंबांना सकस आहाराचे शिक्षण’ हा विषय आपण मला दिलात. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. आहारशास्त्राची ओळखही तिथलीच, पगाराच्या मागणीपत्रातून झालेली. १९५७ साली दिल्लीस पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतन ठरविताना आधी मजुराचे अन्न मोजावे, तेही डॉ. एक्रॉइड यांच्या आहारमानाने, असे तिने ठरविले. प्रौढ माणसास दिवसाला २७०० उष्मांक. कुटुंबाचा हिशेब असा : पुरुष १, बाई ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, एकूण तीन. बाईच्या ०.८ ला शास्त्राचे कारण असेल. पण घरी तिला तेवढे तरी मिळते काय? ती सर्वांच्या मागून जेवते. तोवर वरण सरलेले असते, टोपल्यात अर्धी भाकर उरलेली असते.

आणि आपली प्रात्यक्षिके दुपारी दोनला! त्या वेळी मजूर बाई निंदणाला गेलेली असते. आली तरी बदाम-सफरचंदाची नावे ऐकून ती काय करणार? तिच्या घरी रेशनचे माणशी पाच किलो धान्य येते. फुकट येते, हे चांगलेच. पण नुसत्या धान्याने ताट भरत नाही.

धडा त्या पिशवीपासून सुरू व्हावा. वऱ्हाडात हे ज्ञान नव्हते असे नाही. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, जवसाची चटणी हे गरिबाचेच जेवण होते. शेतात सोयाबीन आले, ज्वारी हटली आणि पोरांच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आला. त्याच पैशांत मूठभर फुटाणे येतात, हे सांगावे. भाजी धुऊन चिरावी, चिरून धुऊ नये. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते बरेचसे वाया जाते. खिचडीत मूठभर डाळ पडलीच पाहिजे. मात्र ती मूठभर डाळ मजुरीतून यायची आहे, हे शिकविणाऱ्याने विसरू नये.

वर मेळघाटात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत गरम जेवण मिळते. यातली मोलाची गोष्ट ही, की ती तिथेच बसून जेवते. घरी नेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो. तिच्या वाट्याला पुन्हा उरलेलेच.

तेव्हा माझी सूचना अशी : वर्ग संध्याकाळी सातला, वस्तीतच, त्यांच्याच चुलीवर भरवावा. पुरुषांनी अवश्य यावे. बाया आधी पंगतीला बसतील, वाढपी पुरुष राहतील.