अंगावर पाजणाऱ्या आईचे कपडे: आधी विचारा, 'उघडतं कुठून?'

बऱ्याच महिन्यांनी माइकसमोर बसलेय. बाळ शेजारच्या खोलीत आजीजवळ झोपलंय, मध्येच रडण्याचा आवाज आला तर समजून घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण, विशेषतः मुलगे, लगेच दुसरा भाग लावतील. दोन मिनिटं थांबा. तुमच्या घरात बहीण, वहिनी, बायको, कुणीतरी या दिवसांतून जाणार आहे. तिला नेमकं काय लागतं हे तुम्हालाही माहीत असू दे. विषय आहे, अंगावर पाजणाऱ्या आईसाठी सोयीचे आणि खिशाला परवडणारे कपडे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

लेकीचं बारसं आम्ही सव्वा महिना झाल्यावर केलं, एक छोटा हॉल घेऊन. मी मस्त जांभळा अनारकली घातला होता. मागे चेन. पाळणा सजलेला, आत्या तयार, बायका पाळणा म्हणायला बसलेल्या आणि लेकीने टाहो फोडला. भूक! मी मागच्या खोलीत पळाले. तिथे खुर्च्या आणि केटरिंगची पातेली रचलेली. दाराला आतून कडी नाही, म्हणून बहीण दाराला पाठ लावून उभी. ड्रेस कमरेपर्यंत खाली, अंगावर ओढणी, घामाच्या धारा. बाळाचं पोट भरलं, सासूबाई तिला बाहेर घेऊन गेल्या, मी म्हणाले, "आलेच." आणि माझी चेन अर्ध्यात अडकली. बहिणीने ती सोडवेपर्यंत बाहेर 'कुर्रर्र' झालंसुद्धा.

माझ्या मुलीच्या कानात तिचं नाव सांगितलं तेव्हा मी दहा फुटांवर होते, पण भिंतीच्या पलीकडे.

त्यात कुणाची चूक नव्हती. पण मी इतकी धास्तावले, की पुढचा दीड महिना लसीचा दिवस सोडला तर घराबाहेरच पडले नाही. कुठे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, हिला भूक लागली तर? लोक म्हणायचे, "अगं, जरा बाहेर पड, बरं वाटेल." आता बाहेर पडायचं तर घालायचं काय?

मग नेहमीसारखं केलं. रात्री दोनला, बाळ अंगावर, एका हातात फोन, ऑर्डर! १४०० रुपयांची 'फीडिंग कुर्ती'. फोटोत सुंदर. हातात आली तेव्हा कापड पॉलिस्टर, आणि चेनचे धातूचे दात थेट बाळाच्या गालाशी. दोनदा घातली. म्हणजे एका वेळेला ७०० रुपये पडले!

तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. मी कामात काय करते? कोड लिहायच्या आधी विचारते, नक्की हवंय काय? इथे तेच विचारलं नव्हतं. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे सहा महिन्यांत साधारण १८०० वेळा मला कपडा उघडायचाय, तोही एका हाताने, कधी अंधारात, कधी अर्धवट झोपेत. मग गरजा तीनच: एका हाताने उघडावा, त्वचेला टोचू नये, आणि रोज धुऊन टिकावा. पाकिटावर 'फीडिंग' लिहिलंय की नाही, याला काही अर्थ नाही.

हे मी आजीला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "आमच्या चोळीची गाठ पुढेच असायची गं. पदर घेतला की झालं." खरंच की! पुढे गाठीची चोळी, नंतर पुढे हुकांचा ब्लाउज आणि वर पदर. हुक आणि चेन पाठीवर गेली ती फॅशनपायी. अर्थात आजीच पुढे म्हणाली, की तिला माजघराबाहेर बसून पाजायची मुभा नव्हती. तेव्हा कपडा सोयीचा होता, पण बाहेर जाणंच नव्हतं. आपल्याला दोन्ही हवंय.

तर आता कामाचं बोलू.

पहिलं, गाऊन. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडच्या आसपास पुढे चेनवाले कॉटनचे गाऊन ढिगाने मिळतात. मला एक साडेतीनशेच्या आसपास पडला. तीन पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक कपाटात. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर चार घ्या. आणि जाड कॉटनपेक्षा मलमल घ्या. पुण्याच्या पावसात जाड गाऊन दोन दिवस दोरीवर लटकतो, मलमल पंख्याखाली वाळते. दुकानातच चेन एका हाताने वरखाली करून बघा. अडकली तर तो गाऊन तिथेच ठेवा.

दुसरं, ब्रा. इथे घाई करू नका. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत दूध भरून येतं आणि माप एकदम बदलतं. हळूहळू, काही आठवड्यांत ते जरा स्थिरावतं. म्हणून नवव्या महिन्यात फक्त दोन घ्या, तार नसलेल्या, कपमध्ये थोडी जागा ठेवून, आणि शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर नीट बसणाऱ्या. नंतर छातीचा घेर कमी होतो, तेव्हा आतले हुक कामी येतात. बाकीच्या नंतर घ्या. घट्ट ब्रा चालवून घेऊ नका. सतत दाब पडला तर दूध अडकून गाठ येऊ शकते. गाठ दुखतेय, तिथे लाली आहे, ताप आहे, असं झालं तर कपड्यांचा विचार सोडा, सरळ डॉक्टरकडे जा.

तिसरं, दुधाचे डाग. बाजारात एकदा वापरून फेकायचे पॅड मिळतात, पण रोजचा खर्च वाढतो. माझ्या आईने जुन्या सुती साडीचे गोल कापून, चार-पाच पदर एकावर एक शिवून दिले. ओले झाले की बदलायचे, ओलं तसंच ठेवलं तर त्वचा दुखावते. आणि कपडे छापील घ्या! फिकट, साध्या रंगावर एक थेंबही नकाशासारखा दिसतो. गडद, बारीक नक्षीत काही कळत नाही.

चौथं, आणि सगळ्यात कामाचं. नवीन काही घेऊच नका, आहे तेच बदला! आमच्या गल्लीत एक टेलरकाका आहेत. त्यांच्याकडे माझ्या जुन्या पाच कुर्त्या घेऊन गेले. लाजत लाजत सांगितलं, असं असं हवंय. काका शांतपणे म्हणाले, "ताई, प्रिन्सेस कटची शिवण आहे ना, तीच उसवून दोन्हीकडे चेन लावतो. वरून दिसणारसुद्धा नाही." सात-आठ इंचांची, प्लॅस्टिकच्या दातांची चेन आणि आतून मऊ कापडाची पट्टी, म्हणजे बाळाला टोचत नाही. एका कुर्तीचे दीडशे रुपये घेतले. पाच कुर्त्या साडेसातशेत. त्या १४०० वाल्या कुर्तीच्या जवळजवळ निम्म्यात!

आणि तेही करायचं नसेल तर फुकटातली युक्ती. नवऱ्याचा जुना, ताणला जाणारा बनियन घ्या, छातीच्या जागी दोन गोल कापा, तो आत घाला आणि वर नेहमीचा सैल टी-शर्ट. टी-शर्ट वर उचलला की वरचा भाग टी-शर्टने झाकलेला आणि पोट बनियनने. बाहेर पोट उघडं पडेल ही माझी भीती तिथेच संपली.

ऑफिसला परत जाताना हीच कुर्ती कामाला येते, कारण पंपने दूध काढायचं तरी पुढूनच उघडावं लागतं. यात कायदाही आपल्या बाजूने आहे. कायद्याप्रमाणे बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेळ मिळतो. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मागताना संकोच करू नका.

आता मुलग्यांनो, तुमच्यासाठी. बारशाला जाताना बाळासाठी सातवा फ्रॉक नेऊ नका, बाळ दोन महिन्यांत त्यातून बाहेर येतं. आईसाठी दोन मलमलचे गाऊन न्या. किंवा तिच्या आवडत्या चार कुर्त्या उचला आणि टेलरकडे देऊन या. एवढं केलंत तरी ती आयुष्यभर नाव काढेल.

शेवटचं सांगते. मागच्या महिन्यात मी लेकीला घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. स्टँडवर पाजायची वेळ आली तर हिरकणी कक्ष असतो, चौकशीच्या खिडकीवर विचारा. नाव किती चपखल आहे! बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरून गेलेली हिरकणी. मला मात्र त्या दिवशी कक्षाची गरज लागली नाही. खंबाटकी घाटात बाळ कुरकुरलं, मी चेन उघडली, ओढणी घेतली आणि खिडकीकडे तोंड करून पाजलं. शेजारच्या आजींनी थोड्या वेळाने विचारलं, "झोपलंय का गं?" म्हटलं, "हो, झोपलंय."

दीडशे रुपयांची चेन हो! पण बारशाच्या आधी लावली असती, तर लेकीचं नाव मीही तिथेच उभं राहून ऐकलं असतं. म्हणून हा भाग आज केला. तुमच्या ओळखीत कुणाला सातवा-आठवा महिना असेल, तर तिला आत्ताच पाठवा.

चला, बाळ उठलं बहुतेक. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!