किल्ली कपाटाची आणि वाचनाची



शाळेत ग्रंथालय आहे का, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असंच उत्तर मिळतं. मग पुढचा प्रश्न विचारावा : कपाटाची किल्ली कुणाकडे असते आणि ती आठवड्यातून किती वेळा फिरते? इथे मात्र उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं त्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख कायद्यालाही करावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगं आहे. कपाटात बहुधा काय असतं? थोरांची चरित्रं, निबंधमाला, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शकं. पुस्तकं चांगलीच असतात, पण वाचनाचा कंटाळा असलेलं मूल त्यांच्याकडे आपणहून वळत नाही.

अशा मुलाला वाचता येत नाही असं नव्हे. समजा, सातवीतला एखादा मुलगा आहे. क्रिकेटच्या बातमीतला धावफलक तो घडाघडा वाचतो. धडा म्हटलं की मात्र अडखळतो, कारण धड्याच्या मागे प्रश्न उभे असतात. त्याच्या लेखी वाचन म्हणजे तोंडी परीक्षाच! याच्या हाती आधी द्यायचं ते रहस्यकथेचं पुस्तक, चित्रकथा, विनोदाचं किंवा खेळाचं मासिक.

इथे काही पालक आणि शिक्षकही म्हणतील, ‘शाळेत असलं चटकदार वाचायला द्यायचं?’ शंका रास्त आहे, पण आपलाच इतिहास आठवून पाहा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही, वाचकांनी मात्र त्या हातोहात नेल्या. रोज पान उलटण्याची सवय कितीतरी घरांत अशाच पुस्तकांनी लावली. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा पोरगाही कुणी अभ्यासाला लावला म्हणून लोकप्रिय झाला नाही. पुढे काय होतं, या एकाच ओढीनं मुलं त्याच्या सायकलमागे धावली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक सांगतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. ‘त्याचं’ हा शब्द महत्त्वाचा. तिथे आपल्या पसंतीचा प्रश्न नाही. अमेरिकेतले भाषाअभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनीही १९९३ च्या आपल्या पुस्तकात हलकंफुलकं वाचन हा गंभीर वाचनाकडे नेणारा रस्ता आहे, असं प्रतिपादन केलं.

पण रस्ता म्हटला की पुढचं पाऊल आलंच. नुसती चित्रकथा देऊन ग्रंथपालाचं काम संपत नाही. फास्टर फेणे संपवून आलेल्या मुलीला भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न दाखवावा. जिद्दीच्या खेळाडूंच्या गोष्टी आवडणाऱ्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ सुचवावं. सुचवावं, लादू नये. नाही आवडलं तर अर्धवट परत करण्याची मोकळीक असावी आणि परत करताना सारांश मागू नये.

निवडीला विवेक हवाच. जातीवरून, रूपावरून, बाईमाणसावरून खिल्ली उडवणारं पुस्तक केवळ खपतं म्हणून आणू नये. जुन्या चित्रकथांमध्ये काळा रंग म्हणजे दुष्ट असं चित्रण आढळलं, तर मुलांशी त्याबद्दल बोलावं. तेही वाचनशिक्षणच आहे.

खर्चाचं काय? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. वर्तमानपत्रांतली मुलांची पानं कापून वहीत चिकटवली, तर शब्दकोड्यांची आणि गोष्टींची फिरती वही तयार होते. पुस्तकं काचेआड न ठेवता दोरीवर किंवा टेबलावर, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. देवघेवीची वही मुलांच्याच हाती द्यावी.

खरी अडचण वेगळीच आहे. लहान शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. काम एखाद्या शिक्षकाकडे येतं आणि पुस्तक हरवलं तर नोंदवहीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. मग तो कुलूप लावतो. त्याला तरी दोष कसा द्यावा? वापरून फाटलेलं पुस्तक हे नुकसान नसून ग्रंथालय चालू असल्याची खूण आहे, एवढं मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं मान्य केलं, तरी निम्मी कुलुपं निघतील.

ज्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, तिथलं मूल शाळेच्या ग्रंथालयावाचून अडत नाही. ज्याच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्याच्यासाठी शाळेतलं कपाट हे एकच कपाट असतं. दहावीपर्यंत ते बंद राहिलं, तर पुढे अर्ज, सातबारा, औषधाची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी येते आणि फसवणारा नेमका तिथेच भेटतो.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. मुलं मोठी झाल्यावर रद्दीत जाणारे गोष्टींचे अंक आणि पुस्तकं जवळच्या शाळेत नेऊन द्या. देताना एवढंच विचारा, ‘ही मुलांच्या हाती कधी पडतील?’