दारफळणीची तिथी



विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन ज्येष्ठांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "यहुद्यांच्या सणांच्या तिथ्या आणि आपलं उज्जैन, यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देताना आधी स्वतःची एक चूक कबूल करायला हवी.

आमच्या आजोबांची तिथी घरच्या जुन्या वहीत लिहिलेली आहे : श्रावण वद्य ६. वडील होते तोवर ते सगळं पाहत. ते गेल्यावर श्राद्धाची जबाबदारी माझ्यावर आली. मी भिंतीवरचं लाला रामस्वरूप काढलं, सावन वदी छठ शोधली, गुरुजींना बोलावलं आणि यथासांग श्राद्ध केलं. सलग तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी देवासहून आत्या आली. पानं वाढून झाली होती. तिने शांतपणे विचारलं, "अरे, अजून आषाढ संपला नाही, आणि तू श्रावणातलं श्राद्ध कसं करतोयस?"

इथे बसलेल्यांना यातली मेख लगेच कळली असेल. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच. वद्य पक्षात मात्र महिन्याचं नाव बदलतं. आपला आषाढ वद्य तो त्यांचा सावन वदी, आपला श्रावण वद्य तो त्यांचा भादों वदी. गोकुळाष्टमी दोघांची एकाच दिवशी येते, कारण ती डोळ्यांसमोर साजरी होते. पण वहीत लिहिलेली तिथी मुकी असते. ती कोणत्या पद्धतीने लिहिली हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती वाचता येते. महाकालाची सवारी सावनात सुरू होते आणि भादों वदीतल्या सोमवारीही निघते, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत. ही शिंद्यांच्या अमलातल्या मराठी पद्धतीची खूण, असं आपल्याकडे सांगतात. देवाने दोन्ही श्रावण सांभाळले. मला एक सांभाळता आला नाही.

आत्या रागावली नाही. "तू मनापासून केलंस ना, मग पोचलं त्यांना," म्हणाली. आणि जरा थांबून, "पण त्या दिवशी आम्ही कोणीच तुझ्याबरोबर नव्हतो रे." हे वाक्य माझ्या मनात राहिलं, आणि त्याच धाग्याने मी कोकणातल्या बेने इस्रायलांपाशी पोचलो.

बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या भागातल्या गावांत ते राहिले, आणि गावांवरूनच केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावं घेतली. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. धंदा तेलाच्या घाण्याचा; शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडावं लागलं, आणि तो निघाला तेल अवीवहून. त्यात त्यांच्या जुन्या सणांची मराठी नावं आहेत. ती ऐका.

वर्षारंभ तो नव्याचा सण. त्याच महिन्यात पुढे खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा कडक उपास तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घरची दारं लावून आत बसायचं. दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. पुरीम हा होळीचा सण. आणि ज्याला मराठी बायबलात वल्हांडण म्हणतात, तो अनशी ढाकाचा सण : आंबवणीची बरणी झाकून ठेवायची, कारण त्या आठवड्यात आंबवलेलं काही चालत नाही. मंदिर पडल्याच्या शोकदिवशी वालाचं बिरडं करायचं, म्हणून तो बिरड्याचा सण.

पुस्तक नाही, हिब्रू येत नाही, धर्मगुरू नाही. तरी सण राहिले, आणि राहिले ते स्वयंपाकघराच्या आधाराने. जुन्या यादीत हनुक्का नाही, आणि त्यावरून अभ्यासक त्यांच्या येण्याच्या काळाबद्दल तर्क करतात. मला वेगळाच प्रश्न पडला. पुस्तक नसताना दारफळणी नेमकी कोणत्या दिवशी, हे ठरत कसं असेल?

इथे थोडं गणित करावं लागेल. उज्जैनकरांना गणिताचं भय असू नये. जुन्या सिद्धांतांची मध्यरेषा आपल्याच गावावरून जाते. राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ साली लागू झाली, तेव्हा गणितासाठी धरलेल्या मध्यवर्ती स्थळाचं अक्षांशही आपलंच होतं, २३ अंश ११ कला.

यहुदी पंचांग आपल्यासारखंच चांद्रसौर आहे. महिना चंद्राचा, ऋतू सूर्याचे, आणि दोघांचा मेळ घालायला अधिक महिना. त्यांच्या गणितात चांद्रमास २९ दिवस, १२ तास आणि तासाचे १०८० भाग केले तर त्यातले ७९३ भाग एवढा. सूर्यसिद्धांताचा चांद्रमास काढून पाहा. दोघांत अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक येतो. म्हणून वल्हांडण आणि आपली चैत्री पौर्णिमा बहुधा जोडीने येतात. २०२३ मध्ये दोन्ही ६ एप्रिलला आल्या, २०२४ मध्ये दोन्ही २३ एप्रिलला. मात्र त्यांचा दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, त्यामुळे सणाचं मुख्य जेवण आदल्या रात्रीच होऊन गेलेलं असतं. आपण सूर्योदयाची तिथी धरतो.

फाटा फुटतो तो अधिक महिन्यापाशी. आपला अधिक महिना सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतो. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. तो कधी ज्येष्ठात येईल, कधी श्रावणात. त्यांचा अधिक महिना कायम एकाच जागी, वल्हांडणाच्या महिन्याच्या आधी, आणि एकोणीस वर्षांत सात वेळा, ठरलेल्या क्रमाने. याचा परिणाम बघा. २०२४ मध्ये दारफळणी आली १२ ऑक्टोबरला. त्या दिवशी आपला दसरा होता. बाहेर सोनं लुटायला माणसं निघालीत आणि शेजारच्या घराची दारं लावलेली, असं चित्र. पण २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण पडला होता. त्या वर्षी दारफळणी २५ सप्टेंबरला होऊन गेली, म्हणजे गणपती अजून घरात असताना, आणि दसरा आला २४ ऑक्टोबरला. शेजाऱ्यांच्या महिन्यावर बोट ठेवून सण धरणाऱ्या घराचा अशा वर्षी एक महिना चुकला असता. माझ्या आजोबांच्या श्राद्धासारखाच.

कोकणात असं घडलं, असं मी म्हणत नाही. पण असा प्रश्न त्यांच्यापुढे कधीतरी उभा राहिला असणार असं मला वाटतं, कारण पुढे कोचीनहून शिक्षक आले, नंतर मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आलं, आणि विसरलेलं सगळं पुन्हा शिकावं लागलं. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ सालचं, सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेलं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. सणांना त्यांची हिब्रू नावं परत मिळाली, तारखा जगभरच्या यहुद्यांशी जुळल्या, आणि अनशी ढाकाचा सण हळूहळू इतिहासाच्या पुस्तकात गेला. मला त्या नावाची हळहळ वाटते. पण मी बाहेरचा आहे. बरणी माझी नव्हती.

आता जगात एक उलटा प्रवाहही आहे. येशूला मसीहा मानणारे, तरी बायबलातले मूळ सण पाळू पाहणारे काही गट आहेत. चर्चने इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेनंतर ईस्टरचा हिशेब यहुद्यांपासून वेगळा केला, हे त्यांना रुचत नाही. आणि यहुद्यांचं एकोणीस वर्षांचं चक्र नंतरचं आहे, शास्त्रात कुठे लिहिलंय, असंही त्यांच्यातले काही जण म्हणतात. चक्र नंतरचं हे खरंच; परंपरा त्याचा मान चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिलेलला देते. म्हणून कोणी डोळ्यांनी चंद्रकोर दिसल्यावरच महिना धरतं, कोणी विषुवदिन पाहतं, आणि कोणी इस्रायलमधल्या शेतात जाऊन जवाची कणसं चाचपतं. कराई यहुदी तर हा वाद हजार वर्षांहून अधिक काळ घालत आले आहेत.

कणसांची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. शास्त्रात वल्हांडणाच्या महिन्याचं नाव अवीव असं आहे, आणि अवीव म्हणजे दाणा भरलेलं पण अजून न वाळलेलं, विस्तवावर भाजून खाता येईल असं कणीस. आपल्या भाषेत ओंबी. माळव्यात होळीच्या विस्तवावर गव्हाच्या ओंब्या भाजतात ना? तीच अवस्था. ओंबी तयार नसेल तर महिना पुढे ढकला, इतका साधा नियम. विषुवदिनही आपल्या वेधशाळेत बघायला मिळतो. नाडीवलय यंत्राची उत्तरेची तबकडी सहा महिने उजळते, दक्षिणेची सहा महिने. पालट होतो तो विषुवदिन. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ज्यांच्या आग्रहावरून वेधशाळेची दुरुस्ती केली त्यांत गोविंद सदाशिव आपटे होते, आणि पहिले अधीक्षकही तेच झाले. आपलाच माणूस, हे इथे आवर्जून सांगतो.

तर मग कोणाचं खरं? कोरीचं, कणसाचं की गणिताचं? शुद्ध आकाशाच्या बाजूने बोलायचं तर चक्रात दोष आहे. त्यांचं सरासरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा किंचित मोठं, त्यामुळे दोनशे सोळा वर्षांत सुमारे एक दिवस सण पुढे सरकतात. आपण हसू नये. सूर्यसिद्धांताचं वर्ष साठ वर्षांत एक दिवस सरकतं, म्हणून तर संक्रांत उत्तरायणापासून इतकी दूर आली. शिवाय चक्रात माणसांनी मुद्दाम घातलेले नियम आहेत. वर्षारंभ रविवारी, बुधवारी, शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. बुधवार-शुक्रवार का नाही, तर दारफळणी शनिवारला लागून आली तर सलग दोन दिवस चूल पेटवता येणार नाही, कोणी गेलं तर माती देता येणार नाही. चंद्राला याचं सोयरसुतक नाही. घर चालवणाऱ्यांना आहे.

या सगळ्यावर यहुद्यांच्या मिश्ना ग्रंथात एक जुनी गोष्ट आहे. त्या काळी साक्षीदार येऊन चंद्र पाहिल्याचं सांगत आणि महिना ठरे. एकदा आलेल्या साक्षीत उघड विसंगती होती, तरी प्रमुख गमालिएलाने ती मानली. यहोशवा नावाच्या मोठ्या विद्वानाला ते पटलं नाही. त्याच्या हिशेबाने प्रायश्चित्ताचा दिवस एक दिवस नंतर येत होता. गमालिएलाने निरोप धाडला : तुझ्या हिशेबाने जो दारफळणीचा दिवस आहे, त्याच दिवशी काठी आणि पैशाची थैली घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे ज्या दिवशी प्रवास पाप, पैशाला शिवणं पाप, त्याच दिवशी. यहोशवा फार कष्टी झाला. मित्रांनी त्याची समजूत घातली, की आपण ज्या दिवशी पुकारला तोच सण, चुकून पुकारला तरी. तो काठी आणि थैली घेऊन गेला. गमालिएल उठून उभा राहिला, त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, विद्येत तू माझा गुरू, आणि माझा शब्द मानलास म्हणून शिष्य.

मला या गोष्टीत गमालिएलाची बाजू पुरती आवडत नाही. बरोबर असलेल्या माणसाला वाकवण्यात अधिकाराचा तोरा आहेच. पण यहोशवाने एकट्याने आपल्या खोलीत, आपल्या अचूक दिवशी उपास धरला असता, तर तो उपास कोणाबरोबर झाला असता?

आपल्याकडे टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. लोकमान्यांनी अयनांशाचा वाद शास्त्रबुद्धीने मांडला, आणि त्या पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. कधी अधिक महिनाही वेगळा पडतो आणि त्या घरांची दिवाळी महिनाभर सरकते. पुण्याकडे, रत्नागिरीकडे अशी दहा घरं एकमेकांना धरून असतात. उज्जैनीत असं एकच घर असेल, तर त्या घरच्या सुनेने १० तारखेला हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं? म्हणूनच सुधारलेलं पंचांग खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते वापरायला सोबत लागते, आणि बेने इस्रायलांनी आपल्या तारखा बदलल्या तेव्हा त्यांना सोबत मिळाली, बगदादपासून कोचीनपर्यंतची. त्यासाठी त्यांनी खिरीचा सण सोडला. हा सौदा बरोबर होता की नाही, हे त्यांच्या आज्यांना विचारायला हवं होतं.

राहिलं आमचं श्राद्ध. आत्या गेल्यावर मी वही काढली. आजोबांच्या नावापुढे श्रावण वद्य ६ होतंच. त्याला लागून कंसात 'अमान्त' असं लिहिलं, आणि खाली शेजाऱ्यांच्या हिशेबाने भादों वदी छठ. माझा मुलगा दूरदेशी असतो. तिथे सूर्य उगवतो तेव्हा इकडे तिथी बदललेली असू शकते, म्हणून त्याने विचारलं की त्याने दिवस तिथला धरायचा की उज्जैनचा. मी सांगितलं, आत्याला फोन कर, आणि ती ज्या दिवशी पान वाढेल त्या दिवशी तूही वाढ.